विष्णु दिगंबर तुमच्या गावापर्यंत कसे पोचले?

कृष्णाकाठ
२१ ऑगस्ट, सकाळी ७:४०

शास्त्रीय गाणं सर्वसामान्यांच्या वर्गांपर्यंत नेणारे गवई पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांची आज पुण्यतिथी. तीनच दिवसांपूर्वी, १८ तारखेला, जयंती होती. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म आणि १९३१ साली मिरजेत शेवट, म्हणजे एकोणसाठ पूर्ण होऊन जेमतेम तीन दिवस.

मी त्याच बाजूचा. लहानपणी आम्हाला नरसोबाच्या वाडीचा घाट दाखवला की पाठोपाठ ही गोष्ट सांगितली जायची. दत्तजयंतीचा उत्सव, शोभेची दारू, आणि कीर्तनकार दिगंबरबुवांच्या मुलाच्या डोळ्यांची झालेली हानी. शाळा सुटली. मिरजेच्या डॉ. भडभड्यांकडे उपचाराला नेलं. डोळे पूर्ण सुधारले नाहीत, पण पोराचा गळा चांगला आहे हे तिथं लक्षात आलं आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला लागला. आज्जी ही गोष्ट सांगून झाली की दिवाळीत आमच्या हातातली फटाक्यांची माळ काढून घ्यायची.

त्यांच्याविषयी मोठी माणसं मोठ्या सभागृहांत बोलतात, ते बोलू देत. मला वेगळं विचारायचंय. माझे गाण्याचे गुरुजी प्राथमिक शाळेत मास्तर होते. संध्याकाळी सहा ते साडेसात वाण्याच्या दुकानावरच्या माडीवर वर्ग. एक पेटी, एक डग्गा-तबला, चार सतरंज्या. फी वेळेवर देणारी मुलं दोन-तीन असतील. बाकीच्यांच्या घरून कधी शेंगा यायच्या, कधी गूळ. गुरुजी कुठल्याही मैफलीत गायले नाहीत, त्यांचं नाव तालुक्याबाहेर कुणाला माहीत नाही. पण भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी विष्णु दिगंबरांचा फोटो होता आणि वर्ग सुरू करण्याआधी आम्ही दोघांनाही नमस्कार करायचो.

तर प्रश्न असा: तुमच्या गावात, तुमच्या घरात विष्णु दिगंबर कुणाच्या रूपानं आले? त्या माणसांविषयी लिहा.

एक मदतही हवी आहे. गुरुजी गेल्यावर काकूंनी त्यांची एक वही मला दिली. त्यात बंदिशी लिहिल्यात, पण वाचल्या की गोंधळ उडतो. वर 'भूप' लिहिलंय आणि खाली जवळजवळ प्रत्येक स्वराखाली आडवी रेघ. भूपात सगळे स्वर कोमल कसे? काही धैवतांच्या डोक्यावर टिंब आहे, ते म्हणायला गेलं तर गळा फाटेल इतकं वर जातं. ओळीखाली १, ५, +, १३ असे आकडे. मला तर आधी वाटलं दूधवाल्याचा हिशेब आहे. जाणकारांनी सांगावं.

खुंटीवाला
२१ ऑगस्ट, सकाळी ८:१५

जिव्हाळ्याचा धागा. आम्ही मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीतले. आमच्याकडे विष्णु दिगंबर तानपुऱ्याच्या रूपानं आले.

मिरजेत ही कारागिरी शिकलगारांनी सुरू केली. हत्यारांना धार लावणारी, पाणी देणारी ही माणसं. तलवारींचे दिवस संपत आले आणि त्याच हातांनी तारा, खुंट्या, जवारी हातात घेतली. पंढरपूरकडचा भोपळा येतो, तो वाळवायचा, कापायचा, तबली बसवायची, दांडी जोडायची. पण तानपुरा घेणार कोण? संस्थानिक किती, बुवा किती? गावोगाव गायनवर्ग निघाले तेव्हा कुठं मध्यमवर्गातली माणसं तानपुरा घ्यायला आमच्या दारात यायला लागली. आजोबा म्हणायचे, गाणं शिकवणाऱ्यानं आमची चूल पेटती ठेवली.

विष्णु दिगंबरांनी आपल्या विद्यालयात वाद्यं बनवण्या-दुरुस्तीचा कारखाना काढला होता हे किती जणांना माहीत आहे? छापखानाही होता. शिकणाऱ्याला पुस्तक मिळालं पाहिजे, वाद्य मिळालं पाहिजे, इतका पुढचा विचार त्या माणसानं केला होता.

वऱ्हाडीसूर
२१ ऑगस्ट, सकाळी ९:०२

आमच्या अकोल्यात बाई होत्या. दुपारी दोन ते चार, घरातली जेवणं आटोपल्यावर, फक्त बायकांचा वर्ग. माझी आई मला कडेवर घेऊन जायची, मी तिथल्या चटईवर झोपायचे. झोपेत ऐकलेला काफी अजून विसरले नाही.

गाण्याच्या परीक्षेचं केंद्र तेव्हा अमरावतीला. पहाटेच्या एसटीनं आठ-दहा बायका, डब्यात पोळी-भाजी, आणि गाडीभर "सा रे ग, रे ग म". कंडक्टर म्हणे, "बाई, तिकीट घ्या, मग गा." 'प्रवेशिका पूर्ण' या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले. आईच्या नावावर पेढे वाटले गेल्याचा तो आमच्या घरातला पहिला प्रसंग.

लाहोरला विष्णु दिगंबरांनी बायकांसाठी शिकवायची सोय केली, तेव्हा घरंदाज बाईनं गाणं म्हणजे काय समजत होते ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आईची ती एसटी तिथून निघाली होती असं मला मनापासून वाटतं.

कोमल_निषाद
२१ ऑगस्ट, सकाळी १०:३०

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

मी गाण्याच्या परीक्षांतली वरची 'विशारद पूर्ण' झालेला आहे. प्रथम श्रेणी. आणि मला एक राग पंधरा मिनिटं नीट मांडता येत नव्हता. बारा वर्षं मी रागांची माहिती पाठ केली: वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय, ग्रंथकारांची चरित्रं. परीक्षक समोर बसायचे, दोन आलाप झाले की "पुढचा राग". शेवटी एका गवयाकडे गेलो. त्यांनी सहा महिने फक्त षड्ज लावून घेतला. तेव्हा रडू आलं.

गाणं गुरूच्या पायाशी बसून येतं. ते इयत्तांमध्ये वाटलं की त्याची शाळा होते. विष्णु दिगंबरांची तळमळ खरी होती, पण त्यातून जे कारखाने निघाले त्यांनी प्रमाणपत्रं जास्त दिली आणि गायक कमी.

लयवेडा
२१ ऑगस्ट, सकाळी १०:४१

कोमल_निषाद, अर्धं पटलं. पण विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही माणसं कुठल्या 'कारखान्यातून' आली?

कोमल_निषाद
२१ ऑगस्ट, सकाळी १०:५५

@लयवेडा, ती त्यांच्याजवळ राहून शिकली. एका घरात, एका पंगतीत, वर्षानुवर्षं. मी तेच म्हणतोय.

जुनाबाज
२१ ऑगस्ट, दुपारी १२:२०

कोमल_निषाद आणि लयवेडा, तुम्ही दोघंही त्यांच्याच कामाच्या दोन बाजू धरून बसला आहात. जरा विस्तारानं लिहितो.

त्यांच्या विद्यालयात दोन तऱ्हेचे विद्यार्थी असत. एक फी देऊन ठरावीक तास शिकणारे: वकील, कारकून, शाळकरी मुलं, बायका. दुसरे 'उपदेशक' वर्गाचे. हे विद्यालयातच राहात. जेवण-राहणं-शिक्षण फुकट, त्याबदल्यात अनेक वर्षांचा करार, आणि शिकून झाल्यावर गावोगाव जाऊन शिकवायचं. ओंकारनाथांना ऐन विशीत लाहोरच्या विद्यालयाची जबाबदारी दिली गेली ती यातूनच. म्हणजे गुरूच्या पायाशी बसणं त्यांनी मोडलं नव्हतं. शिक्षक घडवण्यासाठी ते राखून ठेवलं आणि बाकीच्यांसाठी वर्गाचं दार उघडलं.

हे दार उघडायची बुद्धी कुठून झाली, त्याची मिरजेतली एक गोष्ट सांगतात. संस्थानातल्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णु दिगंबरांना आलं, त्यांच्या गुरूंना आलं नाही. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की ते काय, गवईच ना! बाळकृष्णबुवांसारखा माणूस, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, त्यांची ही किंमत. राजाच्या मर्जीतल्या शिष्याला पंगतीत पाट आणि गुरू दाराबाहेर. हे त्यांच्या मनात रुतलं ते कायमचं.

१८९६ मध्ये मिरज सोडली. सातारा, बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र करत करत उत्तरेकडं गेले. सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. गवयाचं गाणं तिकीट काढून कुणीही ऐकावं, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. पुढं ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय. सांगतात की पहिले कित्येक दिवस एकही विद्यार्थी आला नाही. हा माणूस रोज वेळेवर वर्ग उघडायचा, तानपुरा जुळवायचा आणि रिकाम्या खोलीत आपला रियाज करत बसायचा.

मी स्वतः शिक्षक आहे (गणिताचा). रिकाम्या वर्गात वेळेवर जाऊन बसायला काय लागतं ते मला कळतं.

भातुकली
२१ ऑगस्ट, दुपारी १२:३४

जुनाबाज, शेवटच्या परिच्छेदाला +१००. आमच्या बाई कुणी आलं नाही तरी मांडी घालून बसलेल्या असायच्या. "तू आलीस ना, झालं मग" म्हणायच्या.

गौरीची_आई
२१ ऑगस्ट, दुपारी १:१०

न्यू जर्सीतून. इथं झोप उडालीय म्हणून धागा वाचतेय.

कृष्णाकाठ, तुमच्या वहीचं कोडं मला सुटलंय बहुतेक! माझ्या लेकीला प्रवेशिकेच्या वेळी हाच गोंधळ झाला होता. गाणं कागदावर लिहायच्या दोन पद्धती आहेत, एक पलुसकरांची, एक भातखंड्यांची. तुमचे गुरुजी पलुसकर पद्धतीनं लिहीत होते आणि तुम्ही ते भातखंडे पद्धतीनं वाचताय.

भातखंड्यांकडे स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. पलुसकरांकडे तीच रेघ म्हणजे एक मात्रा! स्वराला एक मात्रा द्यायची एवढंच ती सांगते. तुमचा भूप शुद्धच आहे.

कृष्णाकाठ
२१ ऑगस्ट, दुपारी १:२२

अहो काय सांगता!! तीन वर्षं ती वही उघडून मिटतोय मी. मग डोक्यावरचं टिंब?

लयवेडा
२१ ऑगस्ट, दुपारी १:३०

टिंबाचं मी सांगतो. भातखंडे पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक आणि पायाखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तो धैवत वर चढवायचा नाही, षड्जाच्या खाली उतरायचं. गळा फाटणार नाही आता.

आणि १, ५, +, १३ म्हणजे त्रिताल. पहिली मात्रा सम, पाचवीवर टाळी, + म्हणजे खाली (नववी मात्रा), तेरावीवर टाळी. भातखंडे समेला फुली काढतात आणि खालीला शून्य. दूधवाल्याचा हिशेब चुकता झाला. :)

अर्धी मात्रा असेल तर स्वराखाली बारीक शून्य दिसेल, पाव मात्रेला चंद्रकोरीसारखी खूण. कोमल स्वराचा पाय मोडलेला असतो, हलन्तासारखा. भूपात तो दिसणार नाही, पुढच्या पानांवर बघा.

सडेतोड
२१ ऑगस्ट, दुपारी ३:०५

आरत्या पुरे झाल्या असतील तर दोन गोष्टी.

एक. जुन्या बंदिशींतला शृंगार त्यांना चालत नसे. शब्द बदलून तिथं भक्ती घातली. शेकडो वर्षं गायल्या गेलेल्या रचनांत हात घालायचा अधिकार कुणी दिला? साजणाची वाट बघणारी नायिका गेली आणि तिथं रामनाम आलं, तर त्या बंदिशीचा जीव राहतो का?

दोन. हे गाणं उस्तादांनी सांभाळलं. विद्यालयं, प्रार्थना, तसबिरी, गुरुपूजा हे सगळं आल्यावर त्या घराण्यांतल्या मुसलमान कलावंतांना त्या वर्गात किती आपलं वाटलं असेल? हा प्रश्न आपल्याकडे विचारला की माणसं रागावतात.

जुनाबाज
२१ ऑगस्ट, दुपारी ३:४०

रागावत नाही, प्रश्न योग्यच आहे. पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा. शब्द बदलले ते मलाही खटकतं. त्यांच्या बाजूनं एवढंच म्हणेन की "गाणं शिकली तर पोरगी बिघडेल" असं म्हणणाऱ्या बापाच्या घरात त्यांना शिरायचं होतं. ते शिरले. त्याची किंमत बंदिशींनी मोजली.

दुसऱ्या मुद्द्यावर: त्यांची स्वतःची परंपरा काय? ग्वाल्हेरचे हस्सूखाँ, त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा, त्यांचे विष्णु दिगंबर. खाँसाहेबांच्या ओसरीवरून आलेलं पाणी आहे हे. ते प्रत्येक वर्गात आवर्जून सांगितलं जायला हवं होतं. आमच्या गावच्या वर्गात ते सांगत नसत, हे कबूल.

खुंटीवाला
२१ ऑगस्ट, दुपारी ४:१२

सडेतोड, मिरजेत येऊन बघा. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, रात्रभर झाडाखाली बसून लोक ऐकतात. त्याच गावात विष्णु दिगंबर शिकले, त्याच गावात गेले. आणि दोन्हीकडे वाजणारा तानपुरा शिकलगाराच्या हातचा. गाव मोठं शहाणं असतं, त्याला वेगळं करता येत नाही.

मांडवीपार
२१ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२०

गोव्यातून लिहिते. तिसरी बाजू कुणी मांडली नाही म्हणून.

वऱ्हाडीसूर, तुमच्या आईची एसटी वाचून डोळे भरले. पण माझ्या पणजीच्या घरात गाणं आधीपासून होतं. देवळाच्या चौकात, उत्सवात, पिढ्यान्‌पिढ्या. आमच्या बायकांना कुणी दार उघडून द्यायची गरज नव्हती, त्या आतच होत्या. गाणं घरंदाज झालं म्हणतात तेव्हा ज्या घरांत ते आधी होतं त्या घरांना काय म्हटलं गेलं, याचाही विचार व्हावा. 'कुलीन स्त्रियांनी गावं' असं म्हणताना आमच्याकडे बोट जात होतं.

कुर्डीसारख्या खेड्यातून गायिका मोगूबाई कुर्डीकर निघाल्या. अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकण्यासाठी त्यांनी काय काय सोसलं! आणि पुढं त्या स्वतः केवढ्या मोठ्या गुरू झाल्या. लेक किशोरीताई आमोणकर त्यांनी घडवल्या. तिथं ना इयत्ता ना प्रमाणपत्र.

विष्णु दिगंबरांचा मान कमी करायचा नाही. पण त्यांच्या फोटोशेजारी भिंतीवर अजून काही फोटो हवेत एवढंच.

वऱ्हाडीसूर
२१ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४८

मांडवीपार, तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्या बाईंनी मोगूबाईंचं नाव आम्हाला सांगितलं होतं, पण तुम्ही म्हणता तो अपमान कधी सांगितला नाही. कदाचित त्यांनाही जाणवला नसेल. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय तिनं."

पेटीचा_भाता
२१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

अवांतर: डी. व्ही. पलुसकर हे यांचेच चिरंजीव ना? 'बैजू बावरा'त अमीरखाँसाहेबांबरोबर गायलेले?

लयवेडा
२१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३८

हो. दत्तात्रेय विष्णु. विष्णु दिगंबरांना बारा मुलं झाली, त्यातलं हे एकच जगलं. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे. मग वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकबुवा आणि नारायणराव व्यासांनी, त्यांना शिकवलं. आणि १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तेही गेले.

भातुकली
२१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

अकरा मुलं गेली आणि हा माणूस दुसऱ्यांची मुलं घरात ठेवून शिकवत होता. आज पुढं काही वाचवत नाही.

साबरकाठी
२१ ऑगस्ट, रात्री ८:१०

अहमदाबादचा मराठी. आमच्या गावाचा यात मोठा वाटा आहे, तो सांगतो.

गांधीजींनी आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला तेव्हा विष्णु दिगंबरांनी आपला शिष्य पाठवला, नारायण मोरेश्वर खरे. साबरमतीच्या प्रार्थनेला सूर त्यांनी लावला. १९३० मध्ये गांधीजींबरोबर दांडीला निघालेल्या मूळ तुकडीत खरे होते. तानपुऱ्यावर शिकलेला माणूस मिठासाठी चालत गेला. 'रघुपति राघव'ची आपण म्हणतो ती चाल विष्णु दिगंबरांचीच मानतात.

आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्य इथंच अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपण सगळे ज्या परीक्षांवर भांडतोय त्या परीक्षा या मंडळाच्या. पुढच्याच वर्षी विनायकबुवांनी पुण्यात विद्यालय काढलं.

एक मात्र विसरू नये. शेवटची वर्षं त्यांना सुखाची गेली नाहीत. मुंबईला विद्यालयाची मोठी वास्तू उभी केली, त्यासाठी कर्ज काढलं, मैफली करून करून फेडत राहिले, फिटलं नाही. इमारत लिलावात गेली. मग नाशिकला रामनाम आधाराश्रम. उभं केलेलं सगळं डोळ्यांदेखत गेलं असं त्यांना वाटलं असेल का?

जुनाबाज
२१ ऑगस्ट, रात्री ८:४५

साबरकाठी, हाच प्रश्न मला दर वर्षी आज पडतो. इमारत गेली, पण अकोल्याची एसटी आणि कृष्णाकाठच्या गुरुजींची माडी कुणी लिलावात काढू शकलं नाही.

सडेतोड
२१ ऑगस्ट, रात्री ९:०५

माझे दोन्ही मुद्दे कायम आहेत. पण लाहोरच्या रिकाम्या वर्गाची गोष्ट मला माहीत नव्हती. ती आवडली.

कोमल_निषाद
२१ ऑगस्ट, रात्री १०:३०

दिवसभर धागा वाचतोय. सकाळी लिहिलं ते मागं घेत नाही. परीक्षेसाठी गाणं शिकवणं अजूनही चालू आहे, आणि राग संपायच्या आत "पुढचा राग" म्हणणारे परीक्षकही.

पण सकाळी मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं. ते देतो.

आमच्या गावात एक अंध गुरुजी होते. ते तबला आणि गाणं दोन्ही शिकवायचे. पुस्तक त्यांना दिसायचं नाही, म्हणून मी वाचून दाखवायचो आणि ते चुकलं तर लगेच टोकायचे, सगळं पाठ. मी बारा वर्षांचा असताना वडील वारले, वर्गात जाणं बंद झालं. पंधरा दिवसांनी गुरुजी एका पोराचा हात धरून आमच्या घरी आले. आईला म्हणाले, "त्याची फी मी घेत नव्हतोच, त्यानं वाचून दाखवलं तेच पुरे होतं. त्याला पाठवा." फी घेत होते ते. मला माहीत होतं, आईलाही.

मोठ्या गवयांकडे नंतर गेलो, पण तिथवर पोचलो तो त्या गुरुजींमुळे. आणि मी त्यांना परीक्षेचं पुस्तक वाचून दाखवत होतो. षड्ज मला दुसऱ्यानं दिला, पण बोट यांनी धरलं. हे इतक्या वर्षांत कुठं लिहिलं नव्हतं.

भातुकली
२१ ऑगस्ट, रात्री १०:३६

🙏

गौरीची_आई
२१ ऑगस्ट, रात्री १०:५०

कोमल_निषाद, लेकीला बोलावून वाचून दाखवला हा प्रतिसाद. इथं दुपार आहे आमची.

वऱ्हाडीसूर
२२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आईचं वय आता एकाहत्तर. काल रात्री तिनं विचारलं, मध्यमा प्रथमचा फॉर्म कधी भरायचा असतो? प्रवेशिका पूर्णवर थांबली होती ती, धाकटा झाला म्हणून. आता गुडघे दुखतात, एसटी जमणार नाही, पण केंद्र अकोल्यातच मिळेल असं म्हणते. पेटीचा भाता फाटलाय. खुंटीवाला, तुमच्या ओळखीत कुणी दुरुस्त करेल का?

खुंटीवाला
२२ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पेटी आमच्याकडे होत नाही, पण करणारे शेजारी आहेत. पार्सल पाठवा. आईंच्या पेटीचे पैसे घेणार नाहीत, मी बोलून ठेवतो.

कृष्णाकाठ
२२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

काल रात्री वही घेऊन बसलो. गौरीची_आई आणि लयवेडा यांनी सांगितलं तसं एकेका स्वरावर बोट ठेवत वाचलं. रेघ म्हणजे मात्रा. टिंब म्हणजे मंद्र. + वर हात उलटा.

तीन ओळी झाल्यावर लक्षात आलं, ही बंदिश मला येतेय. ही आम्हाला शिकवली होती गुरुजींनी, दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात. माडीचा पत्रा वाजायचा म्हणून ते जवळ बसवून कानात म्हणायचे. मी षड्जावरून खाली धैवतावर उतरलो आणि पुन्हा षड्जावर आलो, तेव्हा त्यांचा आवाज आठवला. अगदी तसाच, थोडासा घोगरा.

सकाळी काकूंना फोन करून म्हणून दाखवली. त्या पलीकडून टाळी धरत होत्या. पाचवीला चुकलो तर म्हणाल्या, "अरे, तिथं थांबायचं नाही, ते तुम्हाला सगळ्यांना तिथंच ओरडायचे."

वहीत अजून एकतीस पानं आहेत. आठव्या पानावर गंधाराचा पाय मोडलेला दिसतोय, म्हणजे कोमल, बरोबर ना लयवेडा? रागाचं नाव पुसलंय. स्वर टंकतो, ओळखा: सा, ग कोमल, म, ध कोमल, नि कोमल. रिषभ-पंचम कुठंच नाही.

लयवेडा
२२ ऑगस्ट, सकाळी ९:३४

मालकंस. ताल कुठला लिहिलाय? आकडे टाका.